जुने नियम सुनेला, नवे भाऊजींना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कवळ्या बनवण्याच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि पुढच्या महिन्यात ती बदलायची आहे. डोके मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा म्हणाला, "आई, आत्ताच कशाला हे अभद्र?" यात अभद्र काही नाही. मागे राहणाऱ्यांना भांडायला कमी विषय मिळावेत, एवढाच हेतू. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा आणि सून यांना समसमान द्यावे. पुढच्या खोलीतले लांब टेबल घराचाच भाग समजावे. ते कापून दोन छोटी टेबले करण्याचा विचार मुलाने अधूनमधून बोलून दाखवला आहे. त्याला तो अधिकार नाही. मुलगा आमच्या खेळात कधी बसला नाही. पण त्याच टेबलाखाली तो रांगायला शिकला, आणि मोठा झाल्यावर दर रविवारी कोणी न सांगता चहाचा ट्रे आणून ठेवत राहिला. याची नोंद व्हावी.

कलम २. बँकेतली शिल्लक, दवाखान्याचा खर्च वजा जाता, मुलाला. काचेचे कपाट माझ्या धाकट्या बहिणीला. ती आमच्या घराला आजवर "फाशांचा अड्डा" म्हणत आली, तेही माझ्या व्याह्यांसमोर. म्हणून अट अशी की कपाट न्यायला तिने हमाल पाठवू नयेत. रविवारी दुपारी स्वतः यावे, डाव संपेपर्यंत बसावे, आणि मग खुशाल काय म्हणायचे ते म्हणावे.

कलम ३. "पण हा खेळ म्हणजे नक्की काय हो?" असे वकीलबाईंनी विचारले, म्हणून खुलासा करते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका अंतराळयानातला एकेक माणूस होतो. समोर काय घडले ते सूत्रधार सांगतो आणि आपण काय करणार ते बाकीचे सांगतात. जमले की फसले हे फासे ठरवतात, आणि फाशांचा अर्थ नियमपुस्तक लावते. यात कोणी जिंकत नाही, पैसेही लागत नाहीत. पहिल्या दिवसापासून सूत्रधार मी.

मेण कोरायच्या सुऱ्या, घासकामाचे छोटे यंत्र आणि प्लास्टरची उरलेली पोती माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला द्यावीत. आमचे सगळे ग्रह तिने कवळीच्या प्लास्टरमधून घडवले. यानांसाठी माझ्याकडे कवळीचेच साहित्य होते, त्यामुळे आमच्या आकाशातले एकूण एक यान हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे आहे. त्याची लाज वाटून कोणी ती रंगवू नयेत.

कलम ४. नियमपुस्तके दोन आहेत. जुने जाडजूड, शिवण उसवलेले. नवे शाळेच्या वहीएवढे. जुने सुनेला द्यावे आणि नवे माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना. यात चूक झालेली नाही, मला असेच हवे आहे. कारण सांगते.

जुन्या नियमांत प्रत्येक गोष्टीला तक्ता आहे: हवा किती उरली, इंधन कुठवर पुरेल, दार उडाले तर कोण बाहेर फेकला जाईल. खेळ सुरू होण्याआधीच माणसाचे अर्धे आयुष्य फासे ठरवून मोकळे होतात. ह्यांना कप्तान व्हायचे होते. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, निदान रविवारी तरी कोणावर हुकूम चालवावा असे वाटणारच. फासे पडले आणि हे झाले यानावरचे स्वयंपाकी. भाऊजी हसून हसून खुर्चीवरून घसरले. पण हे त्या स्वयंपाक्यात इतके रमले, की चाचे यानात घुसले तेव्हाही आधी गॅस बंद करून मग लपले. जुन्या नियमांचे हे मोठेपण मी मान्य करते. सूत्रधाराचा नवरा कोण, हे फाशांना माहीत नसते.

भाऊजी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचे. जुने पुस्तक त्यांना तोंडपाठ. मी कुठे चुकले की बोट वर करून म्हणायचे, "वहिनी, नियमात बसत नाही." माझी मैत्रीण मात्र आकड्यांना बिचकायची. "तुम्ही सगळे ठरवा, मी आहेच," एवढे बोलून ती गप्प बसायची.

मग हे गेले. कामावर, जिन्यात, अचानक. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो, तेव्हा यानावर स्वयंपाकी होता आणि खुर्चीत कोणी नव्हते. भाऊजींनी पुस्तक उघडले. "खेळाडू कायमचा गेला तर त्याच्या माणसाचं काय होतं, याचा तक्ता आहे वहिनी. फासे टाका."

मी म्हटले, "मी नाही टाकणार."

"तुम्हीच म्हणायच्या, फाशांपुढे सगळे सारखे."

"ते हे समोर बसलेले असताना."

त्यांनी पुस्तक मिटले, चष्मा खिशात घातला आणि निघून गेले. आपल्या भावाचे काय झाले, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकायचे होते. मला ते कुणाकडूनच ऐकायचे नव्हते. एका घरात दोघांचे दुःख असे पाठीला पाठ लावून बसले, आणि खेळ बंद पडला. टेबलावर मुलाचे कागदपत्र पसरू लागले.

पुढे सून घरात आली. ती जनावरांची डॉक्टर. न बोलणाऱ्याचे दुखणे ओळखण्यात तिचा हातखंडा. तिने एका रविवारी ते बारके पुस्तक टेबलावर ठेवले. "आई, नवे नियम आलेत. बघा तरी."

मी नाक मुरडले. यात तक्ते नाहीत. फासे वाईट पडले तरी काम होते, फक्त बदल्यात काहीतरी गमवावे लागते. "ही कसली लाडाकोडाची कथा? मरतच नाही कोणी," मी म्हटले. ती म्हणाली, "मरतात ना. पण का मेले, ते टेबलानं ठरवायचं असतं."

त्या पुस्तकात गैरहजर माणसासाठी एकच नियम आहे. टेबलावरच्या प्रत्येकाने त्याच्याबद्दल एकेक वाक्य सांगायचे, आणि तेच घडले असे धरायचे. सुनेने भाऊजींना फोन केला. ते आले ते दारातच थांबले, बूटही काढले नाहीत. म्हणाले, "मी फक्त नियम तपासायला आलोय."

सून म्हणाली, "स्वयंपाक्यानं निघताना सगळे डबे भरून ठेवले." माझी मैत्रीण, जिला एरवी तोंड उघडायला लावावे लागे, ती आपणहून बोलली, "आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहिलं. माझ्या डब्यावर माझं." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग सगळ्यांनी दाराकडे बघितले.

भाऊजी म्हणाले, "तो मधल्या एका स्टेशनवर उतरला. तिथं खानावळ टाकली त्यानं. आपलं यान इंधनाला तिथंच थांबतं." मग बूट काढत म्हणाले, "जुन्या तक्त्यातही हा निकाल आहे बरं का. 'उतरला, सुखरूप.' मी बघून ठेवला होता."

तेव्हापासून हवा, इंधन आणि अंतर जुन्या नियमांनी चालते, माणसे नव्या नियमांनी. तरी सून आणि भाऊजी दर रविवारी आपापल्या पुस्तकाची बाजू घेऊन तावातावाने भांडतात. म्हणून ही वाटणी. जो ज्या पुस्तकाशी भांडतो, ते त्याच्या घरी असावे. निदान वाचून भांडतील.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाऊजींनी करावी. त्यांना साक्षीदारही व्हायचे होते. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा नियमावर रुसले.

कलम ६. ~~माझ्या पश्चात~~ येत्या रविवारपासून सूत्रधाराची खुर्ची सुनेला.

दुरुस्तीबाबत खुलासा. वरील मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवला, तेव्हा सहाव्या कलमावर सून मध्येच म्हणाली, "पण आई, मग तुम्ही कधी खेळणार?"

इतकी वर्षे मी वादळे झाले, चाचे झाले, बंद पडलेली इंजिने झाले, साऱ्या ग्रहांवरचे सारे जकातदार झाले. यानातले एक माणूस कधी झाले नाही. मी पेन घेतले, दोन शब्द खोडले आणि दोन नवे लिहिले.

भाऊजींचे बोट वर गेले. "वहिनी, मृत्युपत्रात जिवंतपणीचं कलम बसत नाही." वकीलबाईंनीही मान डोलावली. नसेल बसत. खोडाखोड माझी आहे आणि शेजारी सहीही माझी आहे. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

सुनेने लगेच कोरा कागद पुढे ओढला. "बोला आई. तुमच्या माणसाचं वय?"

"सव्वीस," मी म्हटले.

कोणी हसले नाही. सुनेने लिहून घेतले. मी भाऊजींकडे बघितले. त्यांनी पुस्तक न उघडताच सांगितले, "बसतं नियमात."

लिहून ठेवणारी: (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष यांनी हे वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)
साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार