पाठीशी धरलेला हात

हिंगणघाट,
१२ जानेवारी १९५८

प्रिय शकू,

तुझं पत्र पोचलं. पाकीट एका बाजूनं सुटलेलं होतं, तेव्हा आधी मला वाटलं कुणीतरी उघडून वाचलं. पोस्टमनला विचारलं, तर तो म्हणाला देवळीचा डिंकच पातळ असतो. मला काही पटलं नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई, शोभाबाई, त्याच्याशी दारात बोलत उभ्या होत्या ते मी पाहिलं होतं. तू हसशील. लहानपणी मांजरानं दूध प्यालं तरी मी आधी तुझे ओठ पाहायची, हे तू सगळ्यांना सांगत फिरतेस. सांग बापडी. स्वभाव काही भाकरीसारखा उलटता येत नाही.

मी बरी आहे. सुजाता आता तीन आठवड्यांची झाली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मग झालेली पोर, तेव्हा तिच्या पाळण्यावरून माझी नजर हलत नाही, आणि म्हणूनच मला ते दिसलं. पोरगी गाढ झोपलेली असते, आणि एकदम, झाडावरून पडल्यासारखी, दोन्ही हात बाहेर फेकते. बोटं फाकतात, अंग थरथरतं, मग हात छातीशी गोळा करते आणि रडायला लागते. दिवसातून किती वेळा ते विचारूच नकोस. तुझ्या मिलिंदचं तसं नाही. तू पत्रात लिहिलंस, किती शांत, किती गुणी, डावा हात सरळ ठेवून झोपतो तो झोपतो. खरं सांगते, ते वाचून मला तुझा हेवा वाटला. माझ्याच पोरीला कुणाचं काय लागलं, म्हणून मी शोधायला बसले.

पहिला संशय शोभाबाईंवर. त्या विहिरीवरून आल्या की पाण्याचा गुंड ओसरीवर आपटूनच ठेवतात, आणि बरोबर त्याच वेळी सुजाता दचकते. त्यांची चार पोरं धडधाकट, आणि माझी एकुलती एक अशी. मी दोनदा सांगितलं, हळू ठेवत जा. तिसऱ्यांदा त्यांनी इतका हळू ठेवला की मला त्याचाच जास्त संशय आला. दुसरा संशय मिलच्या भोंग्यावर. तो वाजला की पोर उडते, आणि तुझे भाऊजी त्याच मिलमध्ये कामाला, म्हणजे भोंगा बंद करा म्हणायची सोय नाही. मी काळा दोरा बांधायचं काढलं, तर भाऊजी संतापले. एरवी गरीब माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "दोरा बांधाचा होता त नागपूरले दीक्षा घ्याले काऊन गेलतो आपण?"  मग नजर लागू नये म्हणून मी गुपचूप पोरीच्या उशाखाली विळा ठेवला. संध्याकाळी भाजी चिरायला विळा सापडेना, घरभर शोधाशोध झाली, आणि त्यांनी तो पाळण्यातून काढला. तो धुऊन स्वतःच भाजी चिरायला बसले. ते बोलण्यापेक्षा वाईट.

शेवटी मी पोरीला फडक्यात घट्ट गुंडाळायला लागले. हात अंगाशी दाबून, वरून पट्टा. हातच हलले नाहीत तर दचकणार कशी, असा माझा हिशेब. दोन दिवस ती जरा शांत झाली, आणि मी शोभाबाईंकडे अशी बघायला लागले की बघा, तुमचं काही चाललं नाही.

तर त्याच शोभाबाई परवा एका नर्सबाईंना घरी घेऊन आल्या. न सांगता, न विचारता.  नर्सबाई तरुण, पांढरं लुगडं, येताच म्हणाल्या, आधी हिला सोडा, कोंडून ठेवलंय का. पट्टा काढला. पोरीला दोन्ही हातांवर उताणी घेतलं, एक तळवा डोक्याखाली, आणि बघ शकू, तो डोक्याखालचा तळवा त्यांनी मुद्दाम अलगद खाली सोडला. इतकासाच. डोकं लगेच झेललं, पण सुजाता केवढ्यानं उडाली आणि रडली. मी पोर हिसकावूनच घेणार होते. ज्या दचकण्यापायी मी भोंग्याशी भांडायला निघाले, ते ही बाई माझ्या डोळ्यांदेखत करवते, आणि जाऊबाई कौतुकानं बघत उभ्या. मला वाटलं या दोघींचं संगनमत आहे.

नर्सबाई मात्र पोरीच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या हात बघत होत्या. मग हसल्या आणि पोरगी माझ्याकडे देत म्हणाल्या, दोन्ही हात सारखे उडाले, सारखे मिटले, पोर चांगली आहे. त्यांनी समजावलं की नवं मूल असं दचकायलाच हवं. आधार सुटला, मोठा आवाज झाला की हात पसरायचे आणि जवळ ओढायचे, हे ते पोटातूनच शिकून येतं. तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. मी म्हटलं, आणि नाही दचकलं तर? तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मुळीच दचकत नसेल तर काळजी, आणि एकच हात उडत असेल तरी काळजी. हिचा एकच उडाला असता, तर मी तुम्हाला आजच वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं असतं."

त्या गेल्यावर मी शोभाबाईंना विचारलं, खरं असेल का हो? त्या म्हणाल्या, "माहे चारही पोरं असेच उडत होते. तू काऊन एवढी जीव काढून राह्यली?" आणि गुंड उचलून पाण्याला गेल्या. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. मी पोरीला पाजायला घेतलं, आणि तेव्हा मला मिलिंदचं बारसं आठवलं.

दोनच महिन्यांपूर्वी मी जड अंगानं देवळीला आले होते. वंदना झाली, नाव ठेवलं, आणि तुझे सासरे तानबामामंजी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. जन्मभर लोकांपुढे हात जोडून वाकलेला माणूस, दीक्षेनंतर एक हात पाठीशी धरून ताठ चालतो, आणि गावात त्यांची तशी ओळखच झाली. त्यांनी मिलिंदला खांद्यावर उभा धरला, तर त्याचाही डावा हात सरळ खाली, तळवा मागे वळलेला. मामंजींचा आनंद काय सांगू. जो येईल त्याला दाखवत होते. "माहा नातू पोटातूनच हात पाठीशी घेऊन आला. हा कोनापुढे हात जोडनार नाई." त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही भरले होते.

मग स्वयंपाकाकडे कुणाच्या तरी हातून परात पडली. केवढा आवाज झाला. मिलिंद दचकला, उजवा हात वर उडाला, पाची बोटं फाकली. डावा होता तिथंच राहिला. तुझे रूपराव म्हणाले, माहा पोट्टा अर्धाच भेते, आणि सारा मांडव हसला. मीही हसले. तू बाजेवरून हसत होतीस, तेही मला दिसतंय.

शकू, तुझं बाळंतपण दोन दिवस चाललं. तू स्वतः लिहिलंस की बाळ मोठं होतं, डोकं आलं आणि खांदा अडकला, मनकर्णाबाई सुईणीनं जीव खाऊन ओढून काढलं. मी काल नर्सबाईंच्या घरी जाऊन हे सगळं विचारलं. नाव तुझं नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा वेळी मानेजवळची शीर ताणली जाते, कधी खांद्याचं हाड मोडतं. पुष्कळदा बरं होतं, पण लवकर दाखवावं लागतं. तसंच ठेवलं तर सांधा आखडतो आणि हात तसाच राहतो. मनकर्णाबाईंना बोल लावू नकोस. त्यांनी ओढलं नसतं तर तुम्ही दोघंही नसता. ही पहिलीच गोष्ट असेल, जिच्यात मला कुणाचाही संशय येत नाही.

म्हणून हे पत्र लिहिलं. तू घरी त्याचं डोकंबिकं सोडून बघायला जाऊ नकोस, ते दवाखान्यातल्यांनाच करू दे. आपोआप दचकेल तेव्हा फक्त डावा हात बघ. आणि तो उडाला नाही तर येत्या शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं वर्ध्याला ये. उडाला असं वाटलं तरी ये. मी सुजाताला घेऊन स्टँडवर थांबते. माझा सव्वा महिना झालेला नाही, शोभाबाई ओरडल्या, आणि मग स्वतःच सोबत यायला तयार झाल्या. मामंजींना सांगणं तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. हे पत्रच त्यांना वाचून दाखव. रागावले तर म्हण, भागीरथा पहिल्यापासून संशयीच आहे. आजवर माझी एकही शंका खरी निघाली नाही. हीही खोटी निघाली तर मी त्यांच्या पाया नाही पडणार, ते आता आपण सोडलं, पण देवळीभर माझं हसं करा म्हणेन. आणि त्यांना एवढं सांग की मिलिंदनं कुणापुढे हात जोडायचे की नाही, ते मोठेपणी त्याचं त्यानं ठरवावं. त्यासाठी त्याला दोन्ही हात हवेत.

शुक्रवारी वाट पाहते.

तुझीच थोरली,
भागीरथा