चिंगीचा दात

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे ठीक म्हणायचं. ड्यूटीवर ड्यूटी चाललीय, पाय भरून आलेत. वहिनीची पाठ कशी आहे? औषध घेते का, की नुसतं कपाटात ठेवते?

तुम्हा डेंटिस्ट लोकांचे दवाखाने बंद झाले की दातदुखीवाले सगळे आमच्या कॅज्युअल्टीच्या गळ्यात. बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं ते आम्हाला झोपेतही येतं, दाताला मात्र दुखणं थांबवायची गोळी आणि "उद्या डेंटिस्टला दाखवा." आमच्या अख्ख्या शिक्षणात दातांवर एकच लेक्चर होतं, तेही मी बुडवलं. हसू नकोस.

आज सायकलवरून पडलेली एक कॉलेजातली मुलगी आली. पुढचा दात मुळासकट मुठीत. नर्स लगेच जंतुनाशक घेऊन धावली आणि मी तिच्यावर खेकसलेच. मुळाला बोट न लावता दात धरला, सलाइनने नुसता खळबळला आणि होता तिथे दाबून बसवला. नंतर त्या मुलीच्या डेंटिस्टचा फोन आला, म्हणाला, "झकास काम केलंत, राहील हा दात."

मला आनंद व्हायला हवा होता. पण हात धुवायला म्हणून गेले, ती नळ सोडून तशीच उभी राहिले.

दादा, तुझी चिंगी माझ्याकडे राहायला आली आणि जिन्यावरून पडली, तेव्हा मी तिचा निखळलेला पक्का दात घासूनपुसून, जंतुनाशकात बुडवून, कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून तुझ्याकडे आणला. आधी स्वच्छ करा, हेच आमच्या हाडीमाशी भिनलेलं. ज्याच्यावर दात पुन्हा धरतो ते मुळावरचं जिवंत आवरण मीच खरवडून टाकलं, हे नंतर वाचल्यावर कळलं. तू पुडी उघडलीस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय. तरी दात बसवून पोरीला म्हणालास, "आत्या होती म्हणून दात वाचला." बिचारी भेटेल त्याला तेच सांगते, दात दाखवून दाखवून.

एक्स-रेमध्ये मूळ झिजताना दिसतंय. हे मला वहिनीकडून कळलं. तू बोलला नाहीस.

मला सांभाळून घेणं आता पुरे कर. एक दिवस इथे ये आणि आम्हाला सगळ्यांना शिकव, मी पहिल्या बाकावर बसेन. आणि तिचा दात काढायची वेळ येईल तेव्हा मला बोलव. तो का काढावा लागतोय, ते तिला मी सांगणार आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस.

तोवरच तिची लाडकी आत्या,
आणि तुझी बहीण