उपाशी भिंत

३ मार्च

नाही, आधी हसणं बंद करा. भिंत जिवंत आहे म्हटलं की तुमी सगळे सारखेच हसता. अमरावतीले माझ्या घरचेही हसले. दादा म्हणे, भिंतीले कान होते, आता पोटही आलं का? हाव, आलं! त्याच पोटाच्या भरवशावर मले पहिली नोकरी लागली, अन् आज मी लय खूश आहे. उगाच भांडू नका.

जऊळक्याच्या स्टेशनावर मारोतराव मोटरसायकल घेऊन आले. मागं वांग्याचं पोतं, मधात मी, मांडीवर माझी पेटी. गावाबाहेर त्यांची वाडी: वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. वाडीच्या कडेले आमच्या कंपनीनं भाजी ठेवायची खोली बांधली आहे. तिच्या विटा भाजल्या नाहीत, वाढवल्या. रेतीत जिवाणू सोडले, ते खातात अन् चुना बनवतात, रेती दगडासारखी धरते. भेग पडली की त्यायले थोडं खाऊ घालायचं. ते जागतात, भेग बुजवतात, पुन्हा झोपतात. मी त्यायची राखणदार. राहायले शेजारची टिनाची खोली.

मारोतरावांच्या घरच्या तुळसाबाईनं पाय धुवायले पाणी दिलं. तिच्या टाचा पाह्यल्या, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या फाटलेल्या. भेगांत मेण भरते म्हणे.

९ मार्च

लॅबमधून गजेंद्र सरांचा रोज फोन येते. अडचण त्यायनी पहिल्याच दिवशी सांगतली होती. बरणीत हे जिवाणू शहाण्यासारखे वागतात, बाहेर उन्हात मरतात. म्हणून ह्या खेपेले चिवट जात बनवली. पण चिवट जातीले 'पुरे' कसं म्हणायचं, हे अजून कोणाले साधलं नाही. लगाम एकच, उपास. आमचं युरियाचं पाणी दिलं नाही तं ती वाढत नाही.

तुळसाबाईले मी तेच समजावलं, भिंत जिवंत आहे अन् तिले उपाशी ठेवायचं आहे. तिचा चेहराच उतरला. "काहून वं माय? माह्या दारातलं कुत्रं उपाशी निजत नाही, अन् घरातल्या जिवाले उपाशी ठेवू?"

मी हसली. तुमच्यासारखीच.

२१ मार्च

खिडकीखालची भेग बुजली. मी थेंबभर पाणी दिलं नव्हतं. फोटो पाहून सर खूश, म्हणे जात अपेक्षेपेक्षा गुणी निघाली.

तुळसाबाई सकाळपासून अनवाणी त्याच खोलीत मेथीच्या जुड्या बांधते. आज लाजत लाजत मले टाचा दाखवल्या. एक भेग नाही. लग्नातही अशा नव्हत्या म्हणे. मारोतराव म्हणाले, आता बाईसाहेब जमिनीवर पाय ठेवत नाहीत.

मी तिच्या टाचेवर नख मारून पाह्यलं. टक् वाजलं.

२ एप्रिल

खोलीचं दार लागत नाही. चौकट आतून आवळली आहे. खिडकी मुठीएवढी राह्यली.

आता उमगलं. भेग कोणती अन् खिडकी कोणती, हे आमी भिंतीले शिकवलंच नाही. तिच्यासाठी जे उघडं ते फाटलेलं.

अन् ती खाते काय, तेही सापडलं. वाडीत जीवामृताचा ड्रम आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून पिकाले देतात ते. गोमूत्रात युरिया! तुळसाबाई रोज सकाळी तांब्याभर भिंतीच्या बुडाशी ओतते, मग स्वतः चहा पिते. मी ओरडली. तिनं शांतपणे सांगतलं, हुकूम तुह्या कंपनीचा, मी काही कंपनीत नाही.

ड्रम मी नालीत पालथा केला. आजपासून कडक उपास.

८ एप्रिल

तुळसाबाईची दोन बोटं एकमेकाले चिकटली. मधात पांढरं, खरखरीत. वाशिमच्या डॉक्टरनं मलम दिलं.

भिंत बाहेरून वाळली. आतून ओली.

सर म्हणे नमुना पाठव, गावात बोलू नको.

११ एप्रिल

ओठ. उजव्या कडेनं बंद होऊन राह्यले. मारोतराव म्हणाले, चला, भांडण मिटलं एकदाचं. हसले. मग डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबून रडले.

तिनं अर्ध्या तोंडानं मले एवढंच इचारलं, भिंतीले काही दिलं का वं?

मी लिंबू चोळलं. चुना आहे, लिंबानं सुटते. सुटला. तासाभरात पुन्हा —

घाम. घामातही युरिया असते. एप्रिलचं ऊन, अंगाच्या धारा — मी भिंतीचं ताट हिसकलं, अन् तिनं दुसरं शोधलं.

१३ एप्रिल

तोंड पूर्ण बंद. एक नाकपुडी बंद. दुसरी — मी लिंबू धरून बसली आहे. मारोतराव दवाखान्याची गाडी आणायले गेले. गाडी अजून —

सर फोन उचलत नाहीत.

इचार करा. भिंतीचं पोट भरलेलं होतं तोवर ती टाचांवरच थांबली होती. पुढं सरकली नव्हती. उपास मी लावला, तेव्हापासून —

१३, दुपार

शेजारच्या वाडीतून जीवामृताची बादली आणली. बाहेरून ओतलं, ओघळून गेलं. बाहेरचं अंग दगड झालं आहे. आतूनच पाजावं लागीन, पोट भरलं तरच ती तुळसाबाईले सोडीन. दाराची फट माझ्यापुरती आहे, आडवी होऊन.

खाल्लं की ती वाढीन. वाढली की फट —

माहीत आहे मले. बोलू नका. तुमी आता काही बोलाल अन् मी थांबीन. तिकडे तुळसाबाईच्या नाकात शिट्टीसारखा आवाज येऊन राह्यला.

माझ्याही टाचा गुळगुळीत झाल्या. आज सकाळीच पाह्यलं.

डायरी उंबऱ्यावर ठेवते. तिचं तोंड उघडलं तं पहिलं तेच इचारीन ती. तिले सांगा, भिंत उपाशी नाही. सांगा, मी स्वतः हातानं, पोटभर —