बटणांच्या डब्यावरचा शोधनिबंध

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (या खेपेला खरोखर वाकून, का ते पुढे कळेल.) गुडघा कसा आहे? फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. दीड महिना आपलं बोलणं या दोन शब्दांपुढे सरकलेलं नाही. शेजारच्या काकूंसमोर मी "तुला आता एकटीला झेपत नाही, सामान बांध" असं म्हणायला नको होतं, हे मला कळलंय. ते कसं कळलं हे सांगायलाच पत्र लिहितेय, आणि तू मला ओळखतेस, मी मुळापासून सुरुवात करणार.

यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला 'समस्या आणि उपाय' अशा धर्तीचा शोधनिबंध लिहायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एक समस्या घ्यायची, ती खरंच आहे याचा पुरावा द्यायचा, कारणं शोधायची आणि जमेल असा उपाय सुचवायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या खेपेला चाळीस निबंध आले आणि चाळिसांनीही शेवटी जनजागृती केली. बसथांब्यावर सावली नाही, जनजागृती करावी. नळाला पाणी कमी येतं, जनजागृती करावी. (कोणाची? नळाची?) मी तो शब्द वर्गात बंद केला, तर पुढच्या खेपेला 'लोकांमध्ये जागरूकता निर्माण करावी' असं लिहून आलं. एका पठ्ठ्याने लायब्ररीतला पंखा कुरकुरतो ही समस्या घेतली आणि उपाय म्हणून अख्खी लायब्ररी दुसऱ्या इमारतीत हलवली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, बाबा रे, आधी पंख्याला तेल दे. या वाक्याचा मला दोन दिवस अभिमान वाटत होता, हे लक्षात ठेव.

मग म्हटलं, यांना नमुनाच करून दाखवावा. (काज करायला तू मला तसंच शिकवलंस, बडबड न करता, करून दाखवून.) नमुन्यासाठी विषय घेतला तुझा. रागावू नकोस, नाव घातलं नव्हतं, 'एक ज्येष्ठ नातलग' एवढंच. समस्या: ज्येष्ठ नातलग एकटी राहते. पुरावा: स्टुलावरून पडली, गुडघा सुजला आणि घरच्यांपासून चार दिवस लपवला. उपाय: भाचीकडे कायमचं राहायला येणे. सहा पानं, तळटिपांसकट. वाचून झाल्यावर मी चष्मा काढून वर्गाकडे पाहिलं, कौतुकाला जागा ठेवावी म्हणून.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. ती ऊठसूट पुरावा मागते म्हणून वर्गाने तिचं नाव पुरावाबाई ठेवलंय. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, त्या स्टुलावर चढल्या कशाला? मी म्हटलं, माळ्यावरून बटणांचा डबा काढायला. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा रोजचा डबा माळ्यावर कसा गेला? आवराआवर करताना कोणीतरी ठेवला असेल. कोणी? मी खडू शोधण्याच्या निमित्ताने टेबलाचा खण उघडला, तर खडू समोरच पडलेला. शेवटी चाळीस मुलांसमोर कबूल केलं की मीच. मागच्या सुट्टीत 'आता डोळ्यांना ताण नको' म्हणत तुझं मशीन झाकलं, कात्री, टेप, डबा सगळं माळ्यावर चढवलं आणि स्वतःवर खूश होऊन गाडीत बसले. ज्या मशीनवर तू मला लहानाची मोठी केलीस, त्याला मी पसारा म्हटलं. मागच्या बाकावरून पंखेवाला पठ्ठ्या हळूच म्हणाला, "मॅडम, मग आधी डबा खाली घ्यायचा ना." वर्ग हसलासुद्धा नाही. हसला असता तर मला निदान रागावता आलं असतं.

पुरावाबाईंचं एवढ्यावर भागेना. समस्या नक्की कोणाची, आणि त्यांना तुम्ही विचारलंत का? विचारलं नव्हतं. आत्या, खरं सांगते, समस्या माझी आहे. संध्याकाळी घरी आलं की 'आधी हातपाय धू, मग बोल' असं दटावणारं कोणी नसतं. मला तुझ्यावाचून करमत नाही, आणि मी ते सगळं तुझ्या गुडघ्यावर ढकललं. माझं चुकलं.

वर्गाने माझ्या निबंधाला शंभरपैकी एक्केचाळीस गुण दिले. खाली शेरा आहे, 'उपाय आधी ठरवून समस्या नंतर शोधलेली दिसते. पुन्हा लिहा.' पुन्हा लिहिलेला निबंध तो हाच.

तुझीच,
(नको तिथे आवराआवर करणारी) भाची

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. डबा मी खाली काढेन. तोवर तू त्या स्टुलाकडे फिरकूसुद्धा नकोस. दार उघडशील ना?

ता. क. २. माझ्या कोटाचं वरचं बटण तुटलंय, तेही घेऊन येते. ते आपसूक तुटलं. (पुरावा मागू नकोस.)

ता. क. ३. इथे मागच्या खोलीला रंग दिलाय. खिडकीखाली तुझं मशीन बरोबर मावतं, दोनदा मोजून पाहिलं. हा उपाय म्हणून सुचवत नाही, नुसती माहिती म्हणून कळवलं.