आईच्या चेहऱ्यावरचे नारिंगी ठिपके

प्रिय आई,

बाळकुमच्या घरातला मोरीचा ओटा, टाकीचं झाकण, तुझी पाठ टेकायची खुर्ची आणि तू गेल्यावर अंगणातल्या काळ्या दगडात कोरलेला तुझा चेहरा. हे सगळं मी या दोन हातांनी केलं. कुणाकडे शिकायला गेलो नाही, हे तू गावभर सांगायचीस. आज लिहितोय, कारण तो चेहरा माझ्याच हातून बिघडतोय आणि मला भीती वाटते.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तुझ्या उजव्या डोळ्याखाली नारिंगी ठिपके दिसले. दर अमावास्येला मी तुझ्यावर दूध घालतो, त्याचाच डाग असेल म्हणून संडास धुवायचं ॲसिड ओतलं आणि तारेच्या ब्रशने घासलं. पुढच्या महिन्यात ठिपके हनुवटीपर्यंत. परत दूध, परत ॲसिड. वर्षभर हेच. एवढा हुशार तुझा लेक, नाही का?

शेवटी शेजारच्या स्नेहलला बोलावलं. ती कल्याणच्या कॉलेजात जिवाणूंचाच अभ्यास करते. कापसाच्या बोळ्याने पुसून ठिपक्यांचा नमुना घेऊन गेली. काही आठवड्यांनी येऊन म्हणाली, हे दगडावर राहणारे जिवाणू आहेत. नाव जिओडर्मॅटोफिलस, मी स्पेलिंग तीनदा तपासून घेतलं. कडक उन्हात, पाण्यावाचूनही टिकतात म्हणे.

"म्हणजे हे आईला खातायत?" मी विचारलं.

"नाही काका. ते नुसते राहतायत. झिजवताय तुम्ही."

बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावून पाहिलं. कोरताना लिहून ठेवलेल्या मापापेक्षा नाकाचं टोक अर्धा मिलिमीटर कमी भरलं. परत मोजलं. तेवढंच.

अगं, खरी भीती पुढे आहे. कॅमेरा दिसला की तू तोंडावर पदर ओढायचीस. आधार कार्डावरची तर कुणी दुसरीच बाई वाटते. चेहरा मी आठवणीतून कोरला. आता डोळे मिटले की तू येत नाहीस, दगड येतो. तोही झिजला तर मी तुला कुठे बघू? एकदा तरी बसायचं होतंस गं फोटोला.

ॲसिड बंद. दूध तुळशीत. चेहऱ्यावरून फक्त कोरडं मऊ फडकं, ठिपके राहिले तर राहू देत. आणि रोज थोडा वेळ दगडाकडे पाठ करून बसेन, तू आठवेपर्यंत. हे वचन.

काल कोलशेतचा एक बंगलेवाला आला होता. ठिपक्यांमुळे त्याला तू पुरातन देवी वाटलीस. माझी आई आहे म्हटलं, तर म्हणाला, "पाहुण्यांना कोण सांगायला जातंय?" बागेत ठेवायला सव्वा लाख देत होता. मी नाही म्हटलं.

तुझा,
वसंत