होई आनची वही

शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७, हिल्सबरो

केतकी व्हिएतनामहून आली. आज तिच्याकडच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेल्या जेवणात, सगळ्यांना होई आन बंदराचा इतिहास ऐकवत होती. जपानी व्यापाऱ्यांचा पूल, गाळाने भरलेली नदी, मोठी जहाजं दा नांगला जायला लागली म्हणून जुनंच राहिलेलं गाव. सगळी माझ्या वहीतली वाक्यं. कधीतरी जायचं म्हणून टिपणं काढलेली ती वही तिला मीच दिली होती ना? आमची रजा दरवर्षी पुण्यातच संपते.

"तू पण जा गं, हीप्स आवडेल तुला, खूपच," केतकी मला म्हणाली. मी हसले.

मग म्हणाली, एका संध्याकाळी नदीचं पाणी रस्त्यावर आलं, तर लोक पायातल्या जँडल्स, रबरी चपला, हातात घेऊन निवांत चालत होते.

हे माझ्या वहीत नव्हतं.

निघताना वही परत मिळाली. त्या पाण्याचं मी वहीत लिहिणार नाही; ते केतकीने स्वतः पाहिलेलं. इथे रोजनिशीत लिहिलं तेवढं बास.