सभा सर्वोच्च

३ नोव्हेंबर २०२५

अकरा विरुद्ध चार! आणि गुरुशांत खुर्चीवरून उठला नाही!

भवानी पेठेतलं आमचं कामगार वाचनालय सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, हाच अध्यक्ष. वर्षभर सभा बोलावली नाही. शेवटी आम्हीच बोलावली आणि अविश्वास ठराव मंजूर केला. तर हसून म्हणतो, "उठायचं कुटं लिहिलंय, ताई?"

कुठंच नाही. कारण वाचनालयाची घटना मीच लिहू दिली नाही! पहिल्या सभेत तासभर बोलले होते — ब्रिटनची घटना एका पुस्तकात नाही. थोडी कायद्यांत, थोडी निकालांत, उरलेली रिवाजांत. बहुमत गेलेल्या पंतप्रधानाला कुणी हाताला धरून उठवत नाही. तो राजीनामा देतो, नाहीतर लोकांकडे कौल मागायला जातो. टाळ्या पडल्या होत्या.

तिथं लाज हाच कायदा. मूर्ख मी — लाज आयात करता येते असं समजले!

४ नोव्हेंबर

दाराला त्याचं कुलूप. आम्ही रस्त्यावर.

७ नोव्हेंबर

दारासमोरच सभा घेतली. घसा बसला. पुन्हा ब्रिटनच सांगितलं — कारभार राजाच्या नावानं, पण राजा तो करत नाही. न्यायालयापुढं मंत्रीही साधा माणूस. आणि सर्वांत वर संसद — आजच्या संसदेनं केलेला कायदा उद्याची संसद मोडू शकते. तिचे हात कुणालाच बांधता येत नाहीत! "आपली संसद म्हणजे ही सभा!"

शिलाई कारखान्यातली सिद्धम्मा ओरडली, "लई बरोबर! सभा म्हणंल तेच!"

गुरुशांत आला, पायरीशी थांबला. हळूच म्हणाला, "ताई, मी हाय म्हणून हितं पुस्तकं हायत. ह्यास्नी जागा पायजे, वाचनालय न्हाय."

खुर्चीला चिकटलेला प्रत्येक जण हेच बोलतो. तोंडावर सांगितलं.

१२ नोव्हेंबर

गेला! पेठेनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. टपरीवर बाकड्यावर कुणी सरकून जागा देईना. आज स्वतःहून किल्ल्या सिद्धम्माच्या हातात ठेवल्या.

म्हणजे न लिहिलेला नियम इथंही पाळला जातो. इथं लाज नाही असं उगाच समजले.

१६ नोव्हेंबर

आजच्या सभेत सिद्धम्माचा ठराव — पुस्तकं रद्दीत, हॉल बारशा-साखरपुड्यांना. "ताई, पोरीचा साखरपुडा काय रस्त्यावर करू?"

तेरा विरुद्ध दोन. विरोधात एक हात माझा. दुसरा गुरुशांतचा.